आधी लोंबकळायला शिका

'लोंबकळणं' या क्रियापदाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तर या शब्दाची धास्तीच असते. प्रकरण लोंबकळलं म्हणजे कुणीतरी सही करायचं टाळतो आहे. वसुली लोंबकळली म्हणजे विभागीय कार्यालयाचं पत्र येणार. बढती लोंबकळली म्हणजे सणासुदीला सासुरवाडीला जाणं नकोसं होणार. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याची तर आपण कीवच करतो. अशा या शब्दाशी एकसष्टाव्या वर्षी माझी नव्यानं ओळख झाली. मधले चार महिने सोडले तर गेली दोन वर्षं, आठवड्यातून तीन वेळा, मी अगदी शब्दशः लोंबकळतो आहे. दोन्ही हातांनी, एका लोखंडी दांडीला, पाय जमिनीपासून वीतभर वर.

हे कसं झालं ते सांगायला हवं. माझी नात तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेच्या शिबिरात तिला कृत्रिम भिंतीवर चढण्याचा नाद लागला. निवृत्त माणसाकडे घरातली दोनच खाती येतात, भाजीपाला आणि ने-आण. त्यामुळे तिला संध्याकाळी त्या भिंतीपाशी नेऊन सोडणं आणि दीड तासानं परत आणणं हे काम माझ्याकडे आलं. प्लायवुडची उंच, पुढे झुकलेली भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या, खाली जाड गाद्या आणि हवेत खडूसारखी पांढरी पूड. मी बाकावर बसून पेपर वाचायचो. एक दिवस तिथला शिक्षक, पंचविशीतला, सह्याद्रीच्या कड्यांवर रापलेला मुलगा, म्हणाला, "काका, रोज नुसते बसून असता. या की इकडे."

मी गेलो. शाळेत असताना मी सिंगल बारवर आठ पुल-अप्स काढत असे, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की नातीलाही पाठ झालं होतं. दांडी धरली, दात आवळले आणि जोर लावला. एक इंचही वर गेलो नाही. लाजेनं तसाच लटकून राहावं म्हटलं, तर सात-आठ सेकंदांत बोटं आपोआप उघडली आणि मी गादीवर आलो. नात हसली नाही, हे तिचे उपकार. ती एवढंच म्हणाली, "आबा, तुझे हात सुटले."

शिक्षक मात्र गंभीर होता. "काका, तुम्ही एकदम ओढायला गेलात. आधी लटकायला शिका. दोन महिने ओढायचं नावसुद्धा काढू नका."

वास्तविक लटकणं ही काही शिकायची गोष्ट नव्हे. आपण जन्माला येतो ते ती विद्या घेऊनच. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते किती घट्ट धरतं, हे प्रत्येक आजोबानं अनुभवलेलं असतं. लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टरानं १८९१ साली लिहून ठेवलं आहे की, त्यानं नवजात बाळांना काठीला धरून लोंबकळू दिलं, तेव्हा बहुतेकांनी स्वतःचं वजन निदान दहा सेकंद तरी पेललं. (घरी कुणी हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.) ती पकड काही महिन्यांत जाते. मग आपण झाडांना, खिडकीच्या गजांना, काकांच्या दंडाला लोंबकळत मोठे होतो, नंतर नोकरी लागते आणि डोक्याच्या वर हात न्यायचा तो फक्त माळ्यावरची बॅग काढण्यापुरता. म्हणजे एकसष्टाव्या वर्षी मी जन्मतः मिळालेलं भांडवल खर्चून बसलो होतो.

पुल-अप ही दंडांची कसरत आहे, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. तिचा मुख्य मालक आहे पाठीचा रुंद स्नायू. तो कंबरेपासून आणि पाठीच्या कण्यापासून निघतो, पंख्यासारखा पसरतो आणि काखेखालून वर जाऊन दंडाच्या हाडाला जोडला जातो. दंडातले स्नायू त्याचे मदतनीस. पण पाठीला काम करता यायचं तर खवाटे, म्हणजे खांद्यामागची फावडी, आधी जागेवर बसावी लागतात, आणि त्याच्याही आधी पंज्यानं दांडी सोडता कामा नये. साहेब कितीही कर्तबगार असो, दारावरचा शिपाई निघून गेला तर शाखा उघडत नाही.

या शिपायाची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपल्या बोटांत, त्यांना वाकवणारा एकही स्नायू नाही. बोटांना मिटवणारं बळ येतं ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागातून. तिथले स्नायू दोरीसारख्या लांब कंडरांनी बोटांच्या हाडांना बांधलेले असतात. कळसूत्री बाहुलीची बोटं हलतात आणि हात पडद्यामागे असतो, तसाच प्रकार. ही दोरी हाडापासून उचलली जाऊ नये म्हणून बोटांत जागोजागी चिवट कड्या असतात. गिर्यारोहकांच्या बोटाला दुखापत होते ती पुष्कळदा यातलीच एक कडी तुटल्यामुळे.

तर शिक्षकानं मला जो क्रम घालून दिला तो असा. पहिले काही आठवडे दांडीखाली स्टूल ठेवायचं, पाय स्टुलावर टेकवून निम्मं वजन हातांवर घ्यायचं आणि दहा सेकंद लटकायचं. असं पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. हळूहळू पायांवरचं वजन कमी करत न्यायचं. अंगठा दांडीभोवती वळवायचा, श्वास रोखायचा नाही. अखंड तीस सेकंद लटकता आलं की पुढची पायरी. कोपर न वाकवता नुसते खांदे कानांपासून दूर, खाली ओढायचे. शरीर जेमतेम दोन इंच वर जातं. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस खांदे उडवतो आहे. पण पुल-अपची सुरुवात होते ती याच दोन इंचांत, आणि माझ्यासारखे लोक अडतात तेही इथेच.

त्यानंतरची पायरी उलटी, म्हणजे उतरण्याची. स्टुलावर उभं राहून हनुवटी दांडीच्या वर न्यायची, पाय उचलायचे आणि पाच ते आठ सेकंद घेत सावकाश खाली यायचं. स्नायूला वजन उचलताना जेवढं पेलतं त्यापेक्षा सोडताना जास्त पेलतं. म्हणून ज्याला चढता येत नाही त्यालाही उतरता येतं, आणि उतरता उतरता तो चढायला शिकतो. जोडीला, बुटक्या दांडीखाली आडवं होऊन, टाचा जमिनीवर टेकवून छाती दांडीकडे ओढायची. आणि प्रत्येक दिवसानंतर निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. सगळ्यात अवघड मला ती सुट्टीच गेली.

भिंतीवर चढणाऱ्या मुलांचं बघून आणखी एक गोष्ट लक्षात आली. नवशिका भिंतीला बिलगतो, कोपरं वाकवून स्वतःला आवळून धरतो आणि पाच मिनिटांत त्याचे हात भरून येतात. मूठ जोरात आवळली की स्नायूंतला रक्तप्रवाह दाबला जातो, आणि रक्त खेळेना की बळ ओसरतं. मुरलेला चढणारा मात्र विसाव्याच्या क्षणी हात सरळ सोडतो, वजन हाडांवर आणि बंधांवर टाकतो, एक हात खाली झटकतो, मग दुसरा. चढतो तो पायांनी. हात फक्त भिंत सोडत नाहीत. आमच्या कोकणात माडावर चढणारा पाडेली मी लहानपणी तासन् तास बघत असे. तोही वर जायचा तो पायांच्या बळावर, आणि झावळ्यांपाशी पोचला की एका हातानं सैल लोंबकळत कोयता चालवायचा. त्याला कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं. पोट शिकवत होतं.

आपल्याकडे हे शास्त्र नव्हतं असं मात्र नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. पुरलेल्या लाकडी खांबाच्या जोडीला वेताचा मल्लखांब आला, आणि चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोरीचा. त्या दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून मुलं-मुली वर सरकतात. मुंबईच्या शिवाजी पार्कवर २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि हे काम आयुष्यभर करणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ साली 'पद्मश्री' मिळाली. तिकडे युरोपातही दोर चढणं ही कसरत जुनी. १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ती होती, १९३२ नंतर ती गेली. पुढे २०२१ साली टोकियोत भिंतीवर चढण्याचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा एका अर्थानं जुनाच पाहुणा नवे कपडे घालून परतला, असं मला वाटलं.

या दोहोंना जोडणारा माणूस म्हणजे जॉन गिल हा अमेरिकन. कॉलेजात जिम्नॅस्टिक्स करणारा, दोर चढणारा हा तरुण १९५०च्या दशकात खडकांकडे वळला, आणि जिम्नॅस्ट तळहाताला लावतात ती मॅग्नेशियमची पांढरी पूड त्यानं खडकावर नेली. एका हातावर तो पुल-अप काढत असे. पोटापाण्यासाठी गणित शिकवायचा. नंतरच्या पिढीतला जर्मन गिर्यारोहक वोल्फगांग ग्युलिश. त्यानं १९८८ साली न्यूर्नबर्गच्या 'कॅम्पस' नावाच्या व्यायामशाळेत एक तिरपी फळी उभी केली. तिच्यावर शिडीसारख्या आडव्या लाकडी पट्ट्या. पाय हवेत ठेवून, बोटांच्या टोकांनी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर झेप घ्यायची. १९९१ साली त्यानं 'अॅक्शन डायरेक्ट' नावाची, त्या काळी जगातली सर्वांत अवघड मानली गेलेली चढाई केली, ती या फळीवरच्या सरावानंतर. व्यायामशाळेच्या नावावरून ही फळी आज जगभर 'कॅम्पस बोर्ड' म्हणून ओळखली जाते. आमच्या भिंतीशेजारीही ती होती. तिच्याविषयी पुढे सांगायचं आहे.

माझी प्रगती सुरू झाली. बँकवाल्याला प्रगती डोळ्यांना दिसावी लागते. मी एक जाड वही आणली, रकाने आखले. तारीख, सेकंद, किती वेळा, शेरा. आठ सेकंदांचे वीस झाले, विसाचे पस्तीस. दुसऱ्या महिन्यात चाळिशी गाठली आणि माझा तोल सुटला. पाठीत जोर आल्यासारखं वाटू लागलं, म्हणून शिक्षकाला न सांगता मी घरच्या दांडीवर रोज ओढू लागलो. रबराचा पट्टा अडकवून सकाळी, आणि पुन्हा संध्याकाळी. आकडे भराभर चढले. मग एक दिवस उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला टोचू लागलं. तीन आठवडे मी ते कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी ओला पंचा पिळता येईना, तेव्हा सौभाग्यवतींनी पकडलं. "अहो, हात दाखवा बघू." आणि माझं लोंबकळणं चार महिने लोंबकळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. शरीरात दोन खाती असतात. स्नायू हे बचत खातं. त्यात भर घातली की काही आठवड्यांत शिल्लक दिसते. कंडरा, बंध आणि हाडं ही मुदत ठेव; तिथे रक्तपुरवठा कमी, देवघेव मंद, आणि तीच भर दिसायला महिनोन् महिने लागतात. माणूस बचत खात्याची शिल्लक बघून चेक फाडतो. तो वटवायची पाळी मात्र मुदत ठेवीवर येते, आणि मुदतीआधी मोडलेल्या ठेवीचं काय होतं हे मी आयुष्यभर खातेदारांना सांगत आलो होतो. नुसतं लटकणं दोन महिने का, याचं उत्तर मला कोपरानं दिलं.

या चार महिन्यांत मी वाचन केलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांच्या मुठीची पकड मोजून काही वर्षं त्यांचा पाठपुरावा केला होता. पकड दर ५ किलोनं कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. हे वाचून पुष्कळांनी मूठ दाबायच्या स्प्रिंगा विकत घेतल्या असतील. पण थोडं थांबायला हवं. पकड हा ताळेबंदातला एक आकडा आहे. सगळ्या शरीराची तब्येत त्यात डोकावते, म्हणून तो महत्त्वाचा. नुसता तो आकडा वाढवणं म्हणजे मार्चअखेरीला ठेवी फुगवून दाखवण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये शाखा तिथेच असते. अंगभर बळ यावं आणि पकड त्याच्यामागून यावी, हे खरं.

आणि बळ येतं, उशिरा सुरुवात केली तरी येतं. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धालयातल्या नव्वदीच्या दहा रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या मांड्यांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

नातीच्या तेराव्या वाढदिवसाला मी तिला एक लाकडी फळी भेट दिली. बोटं अडकवायला खाचा असलेली, चढणारी मंडळी वापरतात ती. दाराच्या चौकटीवर मीच स्क्रू मारून बसवली. आणि तिच्यासाठीही एक वही केली. दोन सेंटिमीटरच्या खाचेला किती सेकंद, त्याहून अरुंद खाचेला किती. रोज संध्याकाळी मी घड्याळ लावून बसायचो आणि ती लटकायची. नऊ सेकंद, अकरा, चौदा. आकडा वाढला की मी टाळी द्यायचो, आकडा कमी आला की "काल पंधरा होते हं" म्हणायचो. भिंतीपाशी मोठी मुलं त्या 'कॅम्पस' फळीवर झेपा घ्यायची, तिथेही ती शिक्षकाची नजर चुकवून लटकू लागली होती. मला ते ठाऊक होतं. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला कौतुकच वाटलं होतं.

एका रविवारी जेवताना ती डाव्या हातानं भात कालवताना दिसली. तिच्या आईनं विचारलं, तर म्हणाली, सहज. मला मात्र माझा ओला पंचा आठवला. मी तिचा उजवा हात हातात घेतला. मधल्या बोटाचा मधला सांधा सुजलेला होता. वरच्या बाजूनं दाबलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवस?" मी विचारलं. ती म्हणाली, "पाच आठवडे झाले असतील, आबा. तू वहीत लिहितोस ना, म्हणून नाही सांगितलं."

क्ष-किरण चित्रात बोटाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक चीर दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. मोठ्या माणसाची कंडरा दुखावेल अशा ताणानं मुलांची ही पट्टी आधी चिरते, कारण त्या वयात तीच सगळ्यात नाजूक जागा असते. तेरा ते पंधरा या वयात, उंची झपाट्यानं वाढत असताना, अरुंद खाचांना लटकणाऱ्या आणि झेपा घेणाऱ्या मुलांत ही दुखापत ओळखीची आहे. दुर्लक्ष केलं असतं तर बोट कायमचं आखूड किंवा वाकडं राहू शकलं असतं. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. पाच आठवडे उशिरा आणलं होतं, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मुलीनं दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, ती तुमची खातेदार नाही."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या रात्री मी दोन्ही वह्या पुन्हा वाचल्या. माझ्या वहीत कोपर दुखत होतं त्या तीन आठवड्यांतही सेकंदांचे आकडे चढतेच होते. तिच्या वहीतही पाचव्या आठवड्यापर्यंत आकडे चांगले होते. हिशेब चोख होता. दुखणं लिहायला मी रकानाच ठेवला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात दोन्हीकडे माझ्याच अक्षरात एकच शब्द पुन्हा पुन्हा, 'उत्तम'.

दुसऱ्या दिवशी फळी मी स्क्रू काढून उतरवली. शिक्षकाकडे जाऊन सगळं सांगितलं. तो रागावला नाही, पण 'कॅम्पस' फळीपाशी त्यानं लहान मुलांना मनाईची पाटी लावली. ती आधीच लावायला हवी होती, असं तोच म्हणाला. ग्युलिशनं ती फळी केली तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि त्याच्यामागे कित्येक वर्षांच्या चढाया होत्या, हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि दारावर स्क्रू मारताना आठवलेलं, यात मोठं अंतर असतं.

तीन महिने नातीला चढायला बंदी होती. सुरुवातीला ती माझ्याशी कमी बोलायची. रागावली होती असं नाही. तिला वाटत होतं की तिच्यामुळे मला बोलणी बसली. एक दिवस मी दांडीखाली स्टूल ठेवलं तेव्हा ती येऊन उभी राहिली. "आबा, आधी सांग. कोपर दुखतं का?" मी म्हटलं, नाही. "खरं?" खरं. मग तिनं घड्याळ हातात घेतलं. त्या दिवसापासून मोजणी तिच्याकडे गेली. वहीत तिनं एक नवा रकाना आखला, सेकंदांच्या आधी. त्यात 'हो' असेल तर पुढचे रकाने कोरे ठेवायचे, हा तिचा नियम.

तीन महिन्यांनी चित्र पुन्हा काढलं. चीर भरून आली होती. आता ती चढते, पण मोठ्या खुंट्यांवर, पायांनी. झाडाच्या फांदीला, बागेतल्या दांड्यांना लटकण्यात काही वावगं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याज्य आहे ते अरुंद खाचांना पुन्हा पुन्हा ताण देणं आणि झेपा. ते तिची उंची वाढायची थांबेपर्यंत नाही. तीन-चार वर्षं लागतील. ती म्हणते, थांबेन. माझ्या हातावर विश्वास ठेवायला तिला जेवढे दिवस लागले, तेवढेच मला तिच्या या शब्दावर ठेवायला लागतील.

हा लेख वाचून कुणाला लटकावंसं वाटलं तर दोन शब्द. खांद्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाराच्या चौकटीत नुसती दाबून बसवलेली दांडी भरवशाची नसते. भिंतीत पक्की रोवलेली हवी. खिडकीच्या ग्रिलला लटकू नये. पाय जमिनीवर पोचतील इतकीच उंची ठेवा, स्टूल जवळ ठेवा. स्नायू थकतो तेव्हा तो सगळीकडे भरून येतो आणि दोन दिवसांत उतरतो. एका जागी, सांध्यापाशी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर थांबा. आणि मुलांना किती सेकंद झाले हे विचारण्याआधी दुखतं का हे विचारा. विचारून थांबा, कारण पहिलं उत्तर 'नाही' असंच असतं.

गेल्या महिन्यात, त्रेसष्टाव्या वर्षी, मी एक पुल-अप काढला. सुंदर नव्हता. पाय वाकडे झाले, चेहरा काय झाला असेल ते सांगवत नाही, पण हनुवटी दांडीच्या वर गेली आणि मी सावकाश खाली आलो. नातीनं आधी नव्या रकान्यात 'नाही' लिहिलं, मग शेजारी '१'. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, तो रकाना कोरा ठेव.